डिस्चार्ज हो रहा है

रायपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख मागायला दोघी जणी माझ्या शंकर नगरच्या घरी आल्या, तेव्हा विषय त्यांनीच ठरवून आणला होता. उन्हाळ्यात घ्यायची काळजी, नाहीतर शुगरवाल्यांनी पाय कसे सांभाळावे. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, तेव्हा एवढं मला येतच असणार. मी म्हटलं, ते सगळं आता मोबाइलवर मिळतं, मी एका इंग्रजी शब्दावर लिहीन. "कोणत्या, ताई?" "डिस्चार्ज." त्यांतली धाकटी होती तिनं हसू दाबलं. त्या हसण्याचा अर्थ मला ठाऊक आहे. बायकांच्या वॉर्डात तो अर्थ, अंगावरून जाण्याचा, कानाशी येऊन सांगतात आणि सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळतात.

पण तो या शब्दाचा एकच अर्थ झाला. नोकरीत माझ्या हातून स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा कोणता शब्द लिहिला गेला असेल, तर तो हाच.

आमच्या सर्जरीच्या वॉर्डात त्याचे दोन अर्थ दिवसभर शेजारी-शेजारी चालायचे. जखमेतून जे वाहतं ते डिस्चार्ज. पाण्यासारखं असेल तर फार काळजी नाही, पिवळं-दाट असेल तर काळजी आहे, आणि वास येत असेल तर डॉक्टरला बोलवायचं. रिपोर्ट बुकात बेड नंबर लिहून पुढे 'डिस्चार्ज' आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह. थोडं असेल तर एक, पॅड भिजलं असेल तर दोन. दुसरा अर्थ सुट्टीचा. बरा झालेला पेशंट घरी जातो तोही डिस्चार्ज. डॉक्टर फाइलवर लिहितात, मग कार्ड तयार होतं, त्यावर औषधं आणि टाके काढायची तारीख येते. कार्ड हातात पडल्याशिवाय सुट्टी नाही. म्हणजे एका अर्थानं तोच शब्द 'अजून थांबा' सांगतो आणि दुसऱ्या अर्थानं 'आता जा' सांगतो. ट्रेनिंगमध्ये आम्हाला दोन्ही अर्थ एकाच दिवशी शिकवले होते आणि एकीलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं.

बाकीचे अर्थ पेशंटांनी शिकवले. एक म्हातारे फौजी हर्नियाच्या ऑपरेशनला आले होते. सुट्टीचं कार्ड दिलं तर म्हणाले, माझा डिस्चार्ज तर कधीचाच झाला, फौजेतून, हा दुसरा कशाचा. एकदा पुरुषांच्या वॉर्डात जेलमधला एक कैदी होता, पायाला फोड झालेला. पलंगाला हातकडी, बाजूला हवालदार. एक दिवस हवालदारानं हातकडी काढली आणि म्हणाला, "सिस्टर, इसका डिस्चार्ज हो गया." मी म्हटलं, असा कसा झाला, पाय तर अजून वाहून राहिला. तो म्हणाला, दवाखान्यातून नाही, कोर्टातून झाला. जजसाहेबांनी खटल्यातून सोडलं. हवालदार हातकडी घेऊन निघून गेला. तो माणूस मनगट चोळत बसून राहिला आणि थोड्या वेळानं त्यानं मला विचारलं, "अब मैं किसके पास हूँ?" मी म्हटलं, आता तू फक्त आमच्याकडे आहेस.

हे सगळं हसून सांगण्यासारखं आहे. पुढचं तसं नाही.

मी रायपूरचीच. बाबा भंडारा जिल्ह्यातून रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून आले ते इथलेच झाले. घरी आमची भाषा तिकडची, बाहेर हिंदी, पेशंटांशी छत्तीसगढी. त्यामुळे वॉर्डात कोणी मराठी बोलणारा पेशंट आला की मी उगाच दोनदा जास्त त्याच्या पलंगाशी जायची. मनोहर असाच आला. तुमसरकडचा, बीरगांवच्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला होता. भट्टीतून उडालेल्या धातूनं त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. दोन्ही हातांना बँडेज, म्हणून जेवण भरवायचं, पाणी पाजायचं, सगळं आम्हीच करायचो. त्याला भेटायला कोणी येत नसे. बायको गावी, दिवस भरत आलेली. खोलीत त्याच्यासोबत राहणारा एक जण एकदाच आला, उशाशी एक पाकीट ठेवून गेला.

"सिस्टर, मले हे फोडून देता का?" मनोहर म्हणाला.

मी पाकीट फोडलं. कारखान्याचं पत्र होतं, इंग्रजीत. मी मनात वाचून राहिले होते आणि तो माझ्या तोंडाकडे पाहून राहिला होता. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण वीस दिवसांत एक शब्द त्यानं पक्का ओळखला होता, दिसायला आणि ऐकायलाही.

"डिस्चार्ज लिवून हाय ना तिथं? मंग मी कधी जाऊ घरी?"

खरं सांगायला मला वेळ लागला. आधी मी त्याच्या उशीचा अभ्रा बदलला. मग स्टूल ओढून बसले आणि सांगितलं, "हा आपल्या दवाखान्याचा डिस्चार्ज नाही, मनोहर. कारखान्याचा आहे. त्याहीनं तुले कामावरून काढलं."

"काहून?"

"न सांगता गैरहजर राहिला म्हणून."

त्यानं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. पांढऱ्या गाठोड्यांसारखे ते पोटावर ठेवलेले होते. "मी त त्याइच्याच भट्टीवर जळलो," तो म्हणाला. मग म्हणाला, "दोन्हीले एकच शब्द ठेवला का इंग्रजांनी?"

त्याची खोली कारखान्याच्या ठेकेदाराची होती, म्हणजे तीही गेली. मी त्याच्या भावाला तुमसरला फोन लावला. भाऊ म्हणाला, धान कापणीत आहे, सात-आठ दिवसांत येतो. इकडे मनोहरचे हात चांगले भरत आले होते. दोन दिवसांनी डॉक्टरांनी विचारलं, "मनोहर का क्या है, सूख गया?" आणि मी म्हटलं, "नहीं सर, डिस्चार्ज है अभी."

नव्हतं. हात कोरडे होते, नवी गुलाबी कातडी आली होती. पण मी रोज रिपोर्ट बुकात लिहीत राहिले, डिस्चार्ज, अधिक. पहिला अर्थ वापरून दुसरा अर्थ लांबवत होते. पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः बँडेज सोडलं. हात पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या पलंगाकडे गेले. त्याच दिवशी दुपारी भाऊ आला. मनोहर जाताना हात जोडू पाहत होता, पण बोटं वाकत नव्हती.

चार दिवसांनी मला मेमो आला. नोंदी खोट्या आढळल्या, खुलासा द्यावा. तेव्हा माझे मिस्टर होते. ते म्हणाले, "चूक झाली म्हणून लिही न मोकळी हो." मी तसं लिहून दिलं. सर्व्हिस बुकात नोंद झाली, लाल शाईत. त्या मेमोचं मला तेव्हा थोडं कौतुकच वाटलं होतं, हे कबूल करते. पण आतून मी घाबरले होते. आपल्या हस्ताक्षरातला एक शब्द आपल्याला नोकरीतून काढू शकतो, हे मला पहिल्यांदा कळलं. ती भीती माझ्यात राहिली, आणि फार वर्षांनी नको त्या दिवशी वर आली.

मिस्टर गेले त्याला आता बारा वर्षं होतात. मुलगा हैदराबादला आहे. रविवारी फोन करतो, मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो. "मम्मी, खाना खाया?" हव, खाल्लं. "दवाई ली?" घेतली. वॉर्डात मात्र मी एकटी नव्हते. बायकांच्या सर्जरी वॉर्डाची मी इन्चार्ज झाले होते, चाळीस पलंग, सहा सिस्टरा माझ्या हाताखाली. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती तेव्हाची गोष्ट.

अभनपुरच्या पुढच्या एका गावातून फुलबाई नावाची बाई आली होती. अपेंडिक्स फुटलेलं, पोटात पस झालेला. ऑपरेशन झालं, वाचली. बेड नंबर अकरा. तिचा नवरा बुधराम पलंगाच्या पायथ्याशी उभा असायचा. बसायला स्टूल दिलं तरी उभाच. पन्नाशीचा, सुकलेला माणूस. दोघांची मुलगी सासरी, आजोळी ठेवलेली तिची पोर आणि दोन बैल शेजाऱ्याच्या भरवशावर. त्यामुळे त्याला घरची ओढ होती, पण कधी चुकूनही तो सुट्टीचं बोलला नाही. फक्त आजूबाजूच्या पलंगांकडे पाहायचा. डॉक्टर यायचे, डिस्चार्ज म्हणायचे, आणि दुपारपर्यंत त्या पलंगावरची बाई पिशवी घेऊन निघायची. सहा दिवस त्यानं हेच पाहिलं.

सातव्या दिवशी सकाळी मी पट्टी सोडली तर जखम वाहत होती. पिवळं, थोडं वासाचं. मी रिपोर्ट बुकात लिहिलं. राउंडला डॉक्टर आले.

"ग्यारह नंबर?"

"सर, सुबह से डिस्चार्ज हो रहा है."

"ठीक है. शाम को खोलके देखते हैं."

एवढंच. डॉक्टर पुढे गेले, त्यांच्या मागे मी. तेरा नंबरची उलटी करून राहिली होती, सोळा नंबरला ऑपरेशनला न्यायचं होतं, वॉर्डबॉय आला नव्हता. मी तेराच्या बाईचं डोकं धरून उभी होते तेव्हा माझ्या पाठीमागून बुधरामचा आवाज आला.

"दीदी, डिस्चार्ज होवत हे का?"

मी मागे वळले नाही. "हव, होवत हे," मी म्हटलं.

दोन वाजता माझी ड्यूटी संपली, मी घरी आले. चार वाजता दुपारच्या सिस्टरचा फोन. "ताई, अकरा नंबरची पेशंट नाही. नवरा पण नाही. पिशव्या पण नाहीत." मी विचारलं, बाथरूम पाहिलं का, कँटीनला विचारलं का. सगळं पाहून झालं होतं. कार्ड न घेता पेशंट गेला की आमच्याकडे त्याला एक ठरलेला इंग्रजी शब्द आहे, म्हणजे फरार. वॉर्डात साध्या भाषेत म्हणतात, भाग गया. महिन्याला दोन-चार जातातच. मी फोनवर म्हटलं, "लिही, अब्स्कॉन्डेड. वेळ टाक, सही कर."

आणि मी माझ्यासाठी दोन पोळ्या लाटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर जाऊन रिपोर्ट बुक उघडलं. वर माझं अक्षर होतं: अकरा, डिस्चार्ज, अधिक अधिक. त्याच्याच खाली दुपारच्या सिस्टरचं अक्षर: अकरा, फरार. त्या दोन ओळी एकीखाली एक वाचल्या तेव्हा मला तो मागून आलेला आवाज आठवला. तो पळाला नव्हता. त्यानं मला विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं.

फाइलवरचा फोन नंबर बंद होता. दोनला ड्यूटी संपली तशी मी ड्रेसिंगचं सामान पिशवीत घालून अभनपुरची बस धरली. तिथून ऑटो. गावात बुधरामचा पारा कोणता, म्हणजे कोणती वस्ती, ते विचारत गेले. अंगणात खाटेवर फुलबाई पडली होती. बुधराम मला पाहून लगबगीनं उठला, दुसरी खाट टाकली. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. सरकारी दवाखान्याची सिस्टर पट्टी करायला घरापर्यंत आली, असं त्याला वाटलं. शेजारणीला त्यानं हाक मारून सांगितलंही.

फुलबाईचं अंग तापलं होतं. पोट घट्ट. पट्टीवर त्यांनी लुगड्याची चिंधी बांधली होती, ती भिजून वाळून पुन्हा भिजली होती. तिच्या डाव्या हातात सलाईनची सुई तशीच होती. ती काढल्याशिवाय आम्ही कोणाला घरी पाठवत नाही, पण हे त्यांना कुठून माहीत असणार.

"हिला आत्ताच्या आत्ता परत न्यावं लागेल," मी म्हटलं.

बुधरामला समजेना. "छुट्टी दे के फेर काबर बलावत हव, दीदी?" सुट्टी देऊन पुन्हा काहून बोलावता?

तिथे मी खरं सांगू शकत होते. शेजारीण धरून अंगणात आम्ही चौघंच होतो. मी म्हटलं, "रिपोर्ट खराब आला."

सरपंचाच्या घरून एक पिकअप गाडी मिळाली. मागे गादी टाकून फुलबाईला निजवलं, मी तिच्या उशाशी बसले, बुधराम पायाशी. दवाखान्यात पोचलो तेव्हा आमचे तेच डॉक्टर ड्यूटीवर होते. त्यांनी पट्टी उघडली, नाक आक्रसलं, आणि फाइल मागवली. फाइलवर 'अब्स्कॉन्डेड' लिहिलेलं होतं. मग ते बुधरामवर ओरडले. "भगाके ले गए थे? मर जाती तो किसका नाम आता? हमारा."

बुधरामनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आता दीदी सांगेल, अशा विश्वासानं पाहिलं. मी फुलबाईच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होते. मी पट्टा बांधत राहिले. सर्व्हिस बुकातली लाल शाई माझ्या डोळ्यांपुढे होती. एक नोंद आधीच आहे, दुसरी झाली तर चौकशी लागेल, रिटायरमेंटच्या तोंडावर. एवढा सगळा विचार मी त्या एका मिनिटात केला. एवढा विचार करता येतो तेवढ्या वेळात.

मी बोलले नाही असं पाहून त्यानं स्वतःचे दोन्ही कान धरले आणि डॉक्टरांची माफी मागितली.

फुलबाईचं पोट पुन्हा उघडावं लागलं. तेवीस दिवस राहिली. त्या तेवीस दिवसांत वॉर्डात बुधरामचं नाव पडलं, भगोड़ा, म्हणजे पळपुटा. आया म्हणायच्या, "ए भगोड़े, बाजू हट." सिस्टरा म्हणायच्या, "इसपे नजर रखो." मी इन्चार्ज होते, एका शब्दानं थांबवू शकले असते. त्याऐवजी मी फुलबाईची पट्टी रोज स्वतः करायची, तिला दूध जास्त द्यायला लावायची. बुधरामला मात्र टाळायची. तो पायथ्याशी उभा असला की मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूनं जायची.

सुट्टीच्या दिवशी कार्ड द्यायला मीच गेले. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं की पेशंट मध्ये फरार झाली होती. मी औषधं समजावून दिली. बुधरामनं कार्ड घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "दीदी, मैं भागे नइ रहेंव." मी पळालो नव्हतो.

"हव, मालूम है," मी म्हटलं. "दवा टाइम पे देना."

मालूम है. मी एवढं म्हटलं होतं त्याला, पण फक्त त्याला, आणि तेही कोणी ऐकणार नाही अशा आवाजात.

रिटायर झाले तेव्हा वॉर्डानं मला शाल दिली, घड्याळ दिलं. चार्ज देताना नव्या इन्चार्जला मी चाव्या दिल्या, इंजेक्शनं मोजून दिली, चादरी मोजून दिल्या. एक गोष्ट दिली नाही, कारण ती कुठल्या रजिस्टरमध्येच नव्हती.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. सकाळी पाचला जाग येते. साडेसहाला आंघोळ होऊन, केस बांधून मी तयार असते, आणि जायचं कुठेच नसतं. ड्यूटी बदलताना आम्ही पुढच्या सिस्टरला 'ओव्हर' द्यायचो, कोण कसं आहे, कोणाला काय द्यायचं ते सगळं. आता दुपारी दोन वाजले की मन तसं भरून येतं आणि ओव्हर घ्यायला कोणी नसतं. रविवारी विहारात जाते, वंदना होते, बायका सुनांबद्दल बोलतात, मी ऐकते. आठवड्यात मराठी काय ती तेवढी, आणि मुलाच्या फोनवरची. एखाद्या दिवशी संध्याकाळी दूधवाल्याला "भैया, आधा लीटर" म्हणताना लक्षात येतं की आज तोंडातून निघालेला हा पहिला शब्द आहे.

हा लेख लिहायला घेतला तो मनोहरपर्यंत पटापट झाला. बुधरामशी येऊन थांबला. तीनदा लिहिला, तीनदा फाडला. प्रत्येक वेळी मी माझ्या हातून झालेल्या चुकीचं कारण लिहीत होते, गर्दी होती, वॉर्डबॉय नव्हता. मग वाटलं, आधी त्याला सांगावं, मग अंकाला. मागच्या महिन्यात एका मंगळवारी मी अभनपुरची बस धरली.

अंगण तेच होतं. फुलबाई उन्हात बसून चादरीवर बड्या घालत होती, वाटलेल्या उडदाच्या. केस बरेच पिकलेले, पण अंगानं चांगली. मी साध्या साडीत, तिनं ओळखलं नाही. मी सांगितलं, "रायपुर के अस्पताल वाली सिस्टर. ग्यारह नंबर." तेव्हा तिनं हात पुसले, खाट दाखवली, नातीला पाणी आणायला सांगितलं.

"बुधराम कुठे आहे?" मी विचारलं.

"ओ तो नइ हे," ती म्हणाली. ते वारले. मागच्या पावसाळ्यात.

कावीळ झाली होती. गावातली मितानिन, म्हणजे सरकारची आरोग्य कार्यकर्ती, रोज येऊन सांगायची की रायपूरला न्या. मुलगी-जावई गाडी घेऊन आले. तो गेला नाही. म्हणाला, तिथे माझं नाव भगोड़ा लिहिलेलं आहे, तिथे मी जाणार नाही. जडीबुटी घेत राहिला. गाडी दारात उभी होती म्हणे दिवसभर.

फुलबाई हे रडत सांगत नव्हती. बड्या घालता घालता सांगत होती. पुढे म्हणाली, भांडण झालं की मीही त्याला म्हणायची, भगोड़ा कुठला, मला मारायलाच पळवून आणलं होतं. तो म्हणायचा, दीदीला विचारलं होतं, दीदी हव म्हणाली होती. मी म्हणायची, खोटं बोलतोस. दीदीनं सांगितलं असतं तर डॉक्टरसमोर ती बोलली नसती का.

पाण्याचा लोटा माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला.

"तो खरं बोलत होता," मी म्हटलं. "त्यानं मला विचारलं होतं. मी हव म्हटलं होतं. मी जखमेचं म्हणत होते, त्याला सुट्टीचं वाटलं. एकच शब्द आहे. चूक माझी होती."

तिचा हात थांबला. चादरीवर अर्धी ओळ घातलेली होती.

"तोला तब ले मालूम रहिस?" तेव्हापासून माहीत होतं तुला?

"हव."

मी तयारी करून गेले होते, शिव्या ऐकायची, रडणं ऐकायची. त्यातलं काही झालं नाही. तिनं उरलेली ओळ पूर्ण केली, भांड्यातलं पीठ बोटानं निपटून शेवटची बडी घातली. मग नातीला म्हणाली, "वही आण."

नातीनं शाळेची वही आणि पेन आणलं. फुलबाई म्हणाली, "एमा लिख दे." आत्ता बोललीस ते यात लिहून दे. तिथे कागदावर लिहिलं होतं ना, मग हेही कागदावर पाहिजे.

मी वही मांडीवर घेतली. चौतीस वर्षं रिपोर्ट लिहिले, पण इतका हळू कुठला लिहिला नसेल. हिंदीत लिहिलं: बुधराम अस्पताल से भागे नहीं थे. उन्होंने मुझसे पूछा था. मैंने हाँ कहा था. गलती मेरी थी. खाली सही केली, आणि सवयीनं हातानं पुढे 'सिस्टर इन्चार्ज' लिहिलं. ते खोडलं. नुसतं नाव ठेवलं.

नातीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, शाळेत वाचतात तसं, प्रत्येक शब्दावर थांबत. फुलबाईनं विचारलं, "ओकर नाव कोन मेर हे?" त्याचं नाव कुठे आहे यात? नातीनं बोट ठेवून दाखवलं. फुलबाईनं तिचं बोट बाजूला केलं आणि तिथे आपलं ठेवलं. बोटाला उडदाचं पीठ होतं, ते कागदाला लागलं.

मी थोडा वेळ बसले. नात मला विचारत होती, तुम्ही कोणत्या वर्गाला शिकवता. मी म्हटलं, मी शिकवत नाही. शेवटी मी म्हटलं, "येते, फुलबाई." तिनं मान हलवली, पण वर पाहिलं नाही. मी उठले, चपला घातल्या. तिनं मला थांब म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. रस्त्याला लागेपर्यंत मी दोनदा मागे वळून पाहिलं. ती तशीच बसली होती, वही मांडीवर उघडी ठेवून, आणि पोरीला म्हणत होती की पुन्हा वाच.